मदत हवी आहे: नेपाळचं योग-ट्रेक शिबिर, दुखरा गुडघा आणि आपलं सपाट नागपूर

अंबाझरीवाली:

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की मी आणि माझ्या वन्सं नेपाळला जाऊन राहिलो. योग आणि ट्रेकिंग असं जोडशिबिर आहे. आधी पोखऱ्यात फेवा तलावाकाठी आसनं-प्राणायाम, मग उल्लेरी, घोरेपानी, पून हिल, ताडापानी, घांद्रुक अशी चाल आणि घांद्रुकला परत योग. चालणं रोज पाच-सहा तास आहे म्हणतात. मी 52 ची, वन्सं 60 च्या. त्यांना बीपीची गोळी सुरू आहे, बीपी आटोक्यात असतं. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, तोही जिना उतरताना. चढताना काही नाही.

रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात आम्ही दोघी शिकलो आणि सकाळचा अभ्यास सहसा चुकत नाही. त्यामुळे घरात दोन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो, आई सर्वांगासन करते, तिला काय होणार आहे. ह्यांचं म्हणणं, गुडघा इथं धड नाही अन् हिमालयात काय करणार. शिबिरवाल्यांच्या पत्रकात 'मध्यम तंदुरुस्ती आवश्यक' एवढंच आहे. मध्यम म्हणजे किती हो, असं विचारलं तर 'मॅम, टेन्शन नका घेऊ'. मग टेन्शन कोणी घ्यायचं?

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर. सेमिनरी हिल्स चढून आलं की आपण डोंगर चढलो म्हणतो. तर इथं राहून तयारी कशी आणि कुठं करायची? वन्संनी वर कपालभाती करावी का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स नावाची गोळी लागते का? त्यांच्याकडे पासपोर्ट नाही, आधारवर भागतं का? आणि खरेदी काय करायची? पहिला प्रश्न मुख्य, बाकीचे जमेल तसे सांगा.

वाडीचा वाटसरू:

ताई, हा ट्रेक मी केला आहे म्हणून जरा लांब लिहितो.

योगाने तोल सुधारतो, श्वास लवकर ताळ्यावर येतो, ते सगळं उपयोगी पडेल. पण योगवर्गात एक गोष्ट जवळपास कधीच होत नाही. सगळं वजन एका पायावर घेऊन, स्वतःला रोखत रोखत खाली सोडणं. उतारावर तेच हजारो वेळा करावं लागतं. मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. वीरभद्रासनात मिनिटभर थांबणाऱ्या माणसालाही ही सवय नसते, कारण तिथं स्नायू एकाच लांबीत स्थिर असतो. सवय नसलेल्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशा धरतात की कमोडवर बसतानाही भिंत धरावी लागते. आमच्या गटात सगळ्यात जास्त हाल एका उत्तम योगशिक्षकाचे झाले होते.

तिखेढुंग्याहून उल्लेरीपर्यंत तीन हजारांच्या वर दगडी पायऱ्या आहेत. आता जीप उल्लेरीपर्यंत जाते, तेव्हा शिबिरवाले चालायला कुठून सुरुवात करतात ते लेखी विचारा. पण जीपने चढ वाचतो, उतार वाचत नाही. पून हिल 3210 मीटर, घांद्रुक 2000 च्या आसपास. म्हणजे दोन दिवसांत बाराशे मीटर खाली यायचं, आणि ताडापानीच्या अलीकडे मध्येच दरीत उतरून परत चढायचं. तुमचा गुडघा उतरतानाच बोलतो, म्हणून खरी तयारी उतरण्याची करा.

घरच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या. उजव्या पायावर उभ्या राहा, हात कठड्याला नुसता लावून. डावा पाय पुढे घेऊन चार आकडे मोजत खाली सोडा, टाच जमिनीला जेमतेम टेकली की परत वर. उजवा गुडघा आत वळता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. समोर आरसा ठेवला तर लगेच दिसतं. पायरी उंच वाटली तर आधी लाकडी पाटावर करा. दोन्ही पायांनी, एक दिवसाआड. टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. तसंही सुरू करण्याआधी एकदा दाखवलेलं बरं, अजून हाताशी वेळ आहे.

ते अंगवळणी पडलं की इमारतीचे जिने. लोक चढतात पायी आणि उतरतात लिफ्टने. तुम्ही सुरुवातीला उलटं करा. नंतर दोन्ही पायी, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी. रविवारी रामटेक. गाडीने वरपर्यंत जाऊ नका, अंबाळा तलावाकडच्या जुन्या पायऱ्यांनी गड चढा-उतरा, उजाडताच. हातात खाऊची पिशवी नको, माकडं ओढतात.

दोन काठ्या घ्या, एक नको. उतरताना गुडघ्यावरचा भार त्या बराच हलका करतात. विमानात चेक-इन सामानात टाका.

तर्रीपोहे:

काकू, एवढं कायले? नागपंचमीला पचमढीची नागद्वार यात्रा करा बाप्पा! आमच्या मोहल्ल्यातल्या साठीच्या बाया जातात, हर बोला महादेव करत. नागद्वार करून आलेल्या बाईले पून हिल म्हणजे फुटाळा तलावाचा फेरा.

वाडीचा वाटसरू:

भाऊ, त्या बाया दरवर्षी जातात म्हणून त्यांना जमतं. दुखऱ्या गुडघ्याची पहिली परीक्षा भर पावसात, त्या गर्दीत, निसरड्या दगडांवर कशाला? ताई, पचमढीलाच जायचं तर पाऊस ओसरल्यावर चौरागड करा. तेराशेच्या आसपास पायऱ्या, वर महादेव आणि भक्तांनी वाहिलेले त्रिशूळ, आणि त्याच पायऱ्यांनी परत खाली. लागोपाठ दोन दिवस करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या काय म्हणतात, त्यावरून तुम्हाला तुमचं 'मध्यम' कळेल. एक मात्र आहे, त्या भागातलं सगळ्यात उंच धूपगडसुद्धा 1350 मीटरच. पायांची तयारी तिथं होईल, उंचीची नाही.

रांगेतला माणूस:

कागदपत्रांचं सांगतो. भारतीयांना नेपाळला व्हिसा नाही. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र पाहिजे, तेही मूळ. आधार चालतं ते 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. तुमच्या वन्सं मधल्या. त्यांना आजच कपाट उघडायला सांगा.

तुमची वाट ज्यातून जाते त्या अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या लोकांना 1000 नेपाळी रुपये आहे, इतर परदेशी लोकांना 3000. शिबिराच्या पॅकेजमध्ये कोणता दर धरलाय ते बघून घ्या. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर ठरलेला आहे. पोखऱ्यात क्यूआर कोड दिसतील, वर गावात मात्र रोख लागते. मोबाईल चार्ज करायचे अन् गरम पाण्याचे वेगळे पैसे घेतात, त्यावरून हुज्जत घालू नका. तिकडे सगळं खेचरांवर नाहीतर माणसाच्या पाठीवर चढतं.

स्टेथो:

मी डॉक्टर आहे, पण वन्संची फाईल पाहिलेली नाही. म्हणून हे फक्त त्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढ्यापुरतं.

उंचीचा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर मुक्काम केला की सुरू होऊ शकतो. तुमचा सगळ्यात उंच मुक्काम घोरेपानीचा, 2860 च्या आसपास. पून हिलवर तुम्ही पहाटे सूर्योदय बघायला तासभर असाल. एवढ्यासाठी डायमॉक्स सरसकट देत नाहीत. ती ॲसिटाझोलामाइडची गोळी. तिने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं. अन्नपूर्णा बेस कॅम्पला, म्हणजे 4130 मीटरवर जाणार असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

वन्संच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे विचारा. असेल तर दिवसभर चालताना पाणी किती प्यायचं आणि डोस तसाच ठेवायचा का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. 'तिकडे थंड हवा, बीपी आपोआप उतरेल' असं म्हणणारे पेशंट मी पाहिलेत. थंडीत ते उलट चढतं. गोळ्या दुप्पट न्या, दोघींच्या पिशव्यांत निम्म्या-निम्म्या.

डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जायचं नाही. वाढत गेलं तर खाली उतरायचं, मग सूर्योदय राहिला तरी चालेल. आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी अजिबात नको.

सुखासन:

कपालभातीबद्दल. बीपी असलेल्यांनी जोरकस कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नागपुरातही करू नये, वर तर नाहीच. उंचीवर शरीर आपणहून श्वास वाढवतं, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झालेला असतो. त्यात तुम्ही भराभर श्वास मारलेत की गरगरतं, ओठांना मुंग्या येतात. मग हे उंचीमुळे की प्राणायामामुळे, तेच कळेनासं होतं. गाईडलाही नाही, तुम्हालाही नाही. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम आणि भ्रामरी पुरे.

आसनांचं म्हणाल तर दिवसभर उतरून आल्यावर वज्रासन आणि पद्मासन नको. आधीच तापलेला गुडघा पूर्ण दुमडायचा कशाला? भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी, पाठीवर पडून पट्ट्याने एक पाय वर धरायचं सुप्त पादांगुष्ठासन, आणि झोपा. पहाटे शून्याच्या आसपासच्या थंडीत पश्चिमोत्तानासनात ओढाताण करू नका, आधी दहा मिनिटं चालून अंग गरम करा. वन्संनी सर्वांगासन टाळावं.

उरलेले पैसे भरण्याआधी शिबिराच्या शिक्षकांशी स्वतः फोनवर बोला. बीपी आणि गुडघा सांगितल्यावर ते आसन बदलून देतात की 'सगळ्यांनी हेच करायचं' म्हणतात, त्यावर मी तरी निर्णय घेईन.

अंबाझरीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. पायरीचा प्रकार आरशासमोर केला. उजवा गुडघा चक्क आत जातो! इतकी वर्षं त्रिकोणासनात शिक्षक ओरडायचे ते हेच असावं. फिजिओची वेळ घेतली आहे.

वन्संचं मतदार कार्ड सापडलं, पण त्यावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. आणि शिक्षकांशी बोलले. बाई चांगल्या वाटल्या, त्यांनीच मला उलट चार प्रश्न विचारले. ह्यांचा विरोध आता 'विमा काढला का' इथवर खाली आलाय. तर विमा आणि खरेदी, दोन्ही सांगा.

रांगेतला माणूस:

तिकिटावर तेच स्पेलिंग टाका जे कार्डावर आहे. कार्ड दुरुस्त करायचं तर फॉर्म 8. पण जून आहे, मी असतो तर सरळ पासपोर्टला अर्ज केला असता. सेवा केंद्र नागपुरातच आहे, आणि साठीत पासपोर्ट काढला म्हणून काही बिघडत नाही.

विमा घेताना किती लाखांचा ते नंतर बघा, आधी न मिळण्याच्या अटी वाचा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत ट्रेकिंग 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा मीटरमध्ये दिलेली असते. तुम्हाला 3210 च्या वरची मर्यादा हवी आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. बीपी लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेम नाकारायला कारण मिळणार नाही.

तर्रीपोहे:

खरेदीत मी तज्ज्ञ. आपला तिबेटी स्वेटरबाजार थंडी पडल्यावर रंगात येते, तेव्हा तुम्ही पहाडात असाल. त्याच्या भरवशावर राहू नका. जाड जॅकेट विकत घेऊच नका, पोखऱ्यात लेकसाइडला भाड्यानं भेटते. नाहीतरी नागपुरात ते घालून कुठं जाणार? बूट मात्र इथूनच, अन् आत्ताच. संध्याकाळी घ्यायला जा, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठा पुढं आदळून नख काळं पडते. मग भाजी आणायलाही तेच बूट घाला. लोक हसतील, हसू द्या.

वाडीचा वाटसरू:

योगा मॅट इथून नेऊ नका, शिबिरात आहेत का विचारा. असतील तर तेवढं ओझं कमी.

आम्ही पाच-सहा जण येत्या रविवारी रामटेकला जातोय, झिरो माइलहून पहाटे पाचला निघू. गाडीत दोन जागा आहेत. माझ्या जुन्या काठ्या घेऊन येतो, वापरून बघा आणि मगच विकत घ्या. पण फिजिओने नको म्हटलं तर यायचं नाही, आधी कळवा.

अंबाझरीवाली:

फिजिओची वेळ शुक्रवारची आहे, रात्री कळवते. वन्सं विचारून राहिल्या, डबा आणू का?

तर्रीपोहे:

आणा न जी. फक्त गाडीत ठेवा, माकडं आहेत.