गावाजवळ वाळूची खाण येणार म्हटल्यावर तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

काठावरची

आमच्या शेजारच्या शेतांखाली जाड वाळूचा थर आहे हे सगळ्यांना पूर्वीपासून माहिती होतं, आता ती काढायला कंपनी येतेय. अर्ज दाखल झालाय, परवानगी अजून नाही आणि गावात रोज नवीन अफवा. कोणी म्हणतं विहिरी आटतील, कोणी म्हणतं काही होत नाही, शेवटी खड्ड्याचं तळं होईल आणि बघायला छान दिसेल. ज्यांच्याकडे हे होऊन गेलंय, खाण थांबली असो की सुरू झाली असो, त्यांनी प्लीज लिहा. कुठले कागद मागितले, सुनावणीत काय विचारलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा अजिबात नाही. आणि गाव तुटू नये म्हणून काय केलं तेही सांगा, कारण जमीन देणारी माणसंही आमचीच आहेत.

विहीरवाला

ताई, बाकी सगळं नंतर, आधी विहिरी मोजा. आजच मोजा. खाणीच्या आसपासच्या प्रत्येक विहिरीत आणि बोअरमध्ये पाणी किती खाली आहे ते टेपला वजन बांधून मोजायचं, तारीख लिहायची, फोटो काढायचा, आणि पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त लॅबकडूनच घ्यायला लावायचा, म्हणजे नंतर कोणी बाटलीवर शंका घेत नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा, असं दरवर्षी.

आमच्याकडे खाण सुरू झाली, आम्हाला थांबवता आली नाही. खड्डा भूजलाच्या खाली गेला की तो कोरडा ठेवायला पंप लावतात, मग चारी बाजूंचं पाणी खड्ड्याकडे झुकतं आणि जवळच्या उथळ विहिरी सगळ्यात आधी जातात. आमच्या गेल्या. कंपनीने सांगितलं यंदा पाऊसच कमी झालाय, ते अर्धं खरंही होतं, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड असतं. ज्यांच्याकडे आधीच्या नोंदी होत्या त्यांना कंपनीने खोल बोअर मारून दिले. ज्यांच्याकडे नव्हत्या ते अजून ऑफिसच्या पायऱ्या चढतायत, आणि त्यांची विहीर माझ्या विहिरीपेक्षा खड्ड्याच्या जवळ होती.

अजून एक, वाळूचा थर म्हणजे नुसता माल नाही हो, पाणी साठवतो तोच आणि गाळतो तोच. तो काढून तिथे उघडं तळं ठेवलं तर पाणी उन्हात उडत राहतं आणि जमिनीवरची घाण थेट भूजलात उतरायला मोकळी वाट मिळते. छान दिसेल म्हणणाऱ्यांना हे सांगा.

जुना_मास्तर

सुनावणीबद्दल लिहितो. कंपनी अर्जासोबत खाणीच्या परिणामांचा रिपोर्ट देते, त्याचा नुसता सारांश वाचून जाऊ नका, परिशिष्टं वाचा, खरी माहिती तिथेच असते. आमच्या प्रस्तावात ट्रकच्या फेऱ्या एका पानावर एक आणि वर्षाचा माल दुसऱ्या पानावर भलताच होता, ते आम्ही साध्या भागाकाराने पकडलं. समजा वर्षाला 3,00,000 टन माल आणि ट्रकमध्ये 25 टन, म्हणजे 12,000 ट्रक. वर्षाला 250 दिवस काम धरलं तर रोज 48 भरलेले, आणि तेवढेच रिकामे परत, म्हणजे शाळेसमोरून रोज 96 वेळा ट्रक. हा आकडा सभेत नुसता मोठ्याने वाचला की सगळ्यांना कळतं, भाषण करावं लागत नाही.

रस्त्याचंही विचारा. रस्त्याची झीज एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे वजन दुप्पट तर झीज जवळजवळ सोळापट. गावच्या हलक्या वाहनांसाठी केलेला रस्ता कोण दुरुस्त करणार, कोणाच्या पैशाने, हे लेखी घ्या.

आणि प्रत्येक प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. आमच्या सभेत लोक रडले, ओरडले, सगळं अगदी मनापासून, पण इतिवृत्तात आलं एवढंच की ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली. लेखी दिलेल्या प्रश्नांना मात्र उत्तर द्यावं लागलं आणि त्यातल्या दोन-तीन प्रश्नांवरच फाईल अडली. भूजलाची पातळी ऐन उन्हाळ्यात, सगळ्यात खाली असताना मोजून रिपोर्टमध्ये टाकली होती. वर्षातली सगळ्यात वरची पातळी किती आणि खड्ड्याचा तळ तिच्या वर राहणार की खाली, एवढंच विचारलं होतं. पुन्हा अभ्यास करा म्हणून कागद परत गेले आणि अर्जदाराने मग अर्ज पुढे नेलाच नाही. कायमचं मिटलं असं नाही म्हणणार मी, नवा अर्ज कधीही येऊ शकतो.

काठावरची

मास्तर, परिशिष्टं आम्हाला दिलीच नाहीत, फक्त सारांश वाटला.

जुना_मास्तर

मग पहिली लेखी हरकत हीच घ्या. पूर्ण कागद मिळाल्याशिवाय सुनावणी घेऊ नका, मिळाल्यावर वाचायला वेळ द्या.

श्वास

मी नर्स आहे, धुळीवर लिहिते कारण यात दोन्हीकडून काहीही बोललं जातं. वाळू म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. डोळ्यांना दिसणारे कण नाकातच अडकतात, घातक असते ती न दिसणारी बारीक धूळ, ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाला की तो बरा करणारं औषध नाही.

पण सगळ्यात मोठा धोका आत काम करणाऱ्यांना असतो, दोन किलोमीटरवरच्या घरात तेवढा नसतो, हे सभेत प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर एक चुकीचं वाक्य पकडून तुमचं सगळंच खोडतात. ओली वाळू उडत नाही. धूळ होते वाळवताना, चाळताना, ढिगाऱ्यावर वारा लागला की, आणि कच्च्या रस्त्यावर ट्रक धावले की. म्हणून विचारायचं की वाळवणार का, चाळणी बंदिस्त आहे का, रस्त्यावर मारायला पाणी कुठून आणणार (परत त्याच भूजलातून?), आणि हवेची मोजणी कोण करणार. आमच्याकडे मोजणी कंपनी स्वतः करायची आणि आकडे मागितल्याशिवाय कोणाला दाखवायची नाही. भांडून भांडून मशीन शाळेच्या आवारात बसवून घेतलं, त्याचे आकडे आता शाळेच्या फळ्यावर लागतात. खाणीत कामाला जाणारी पोरंही आपलीच आहेत, त्यांच्या छातीची तपासणी खाणीच्या खर्चाने होईल ही अट घाला.

पूलापाशी

आमचं प्रकरण नदीतल्या वाळूचं, थोडं वेगळं पण लिहितो. नदी वरून वाळू आणते त्यापेक्षा जास्त उपसली की पाणी पात्राचा तळ आणि काठ खायला लागतं, खड्डा जिथे केला तिथेच राहत नाही, तळ उकरत उकरत वरच्या अंगाला सरकतो. आमच्या पुलाच्या खांबांचा पाया, जो कधी कोणी पाहिला नव्हता, तो उघडा दिसायला लागला तेव्हा लोक जागे झाले. पोर्तुगालमध्ये मार्च 2001 मध्ये डोरू नदीवरचा जुना पूल कोसळून 59 माणसं गेली, खांबाखालचा तळ खरवडला गेला होता आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा वाळू उपसा हे एक कारण निघालं. ही बातमी आम्ही छापून घरोघरी वाटली. नदीचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींचं पाणीही त्याच्याबरोबर खाली जातं, ते वेगळंच.

दोन्हीकडचा

मी जमीन द्यायला निघालेल्या घरातला. इथे सगळे विरोधातले दिसतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. काकांवर कर्ज होतं, शेती नुकसानीत, मुलं बाहेर, आणि एक माणूस येऊन म्हणतो की या जमिनीचे एवढे देतो, तर त्यांनी काय करायचं होतं? त्यांना गद्दार म्हणणारी माणसं त्यांच्या अडचणीत कधी दारात आली नव्हती. आमच्या घरचं येणंजाणं बंद झालं, लग्नाला बोलावणं नाही. खाण शेवटी दुसऱ्याच कारणाने आली नाही, पण ते बोलणं अजून सुरू झालेलं नाही. मला स्वतःला खाण नको होती, आजही नकोय, तरी सांगतो, विरोधाची पहिली बैठक जमीन देणाऱ्याच्या ओसरीवर घ्या. तो येणार नाही कदाचित. पण त्याचं नाव घेऊन घोषणा देऊ नका.

काठावरची

दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. उद्याच आमच्या लोकांना वाचून दाखवते.

नकाशा_बघणारी

कायद्याच्या मार्गाने पूर्ण थांबवल्याचं एक उदाहरण, ज्यांना वाटतं की याचा शेवट ठरलेलाच असतो त्यांच्यासाठी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात विनोना नावाच्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) फ्रॅकिंगसाठी, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढायला, लागणाऱ्या सिलिका वाळूच्या खाणींवर तिथल्या बोर्डाने 2016 मध्ये बंदी घातली, जमीन वापराच्या नियमातच बदल करून. कंपनी कोर्टात गेली आणि 2020 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. लोकांनी त्याआधी काही वर्षं सभा, पत्रं, सुनावण्या असं लावून धरलं होतं. म्हणजे एकेका अर्जाशी लढण्यापेक्षा जमिनीचा वापर ठरवणारा नियम कोण करतं ते शोधा आणि तिथे जा.

वाळू लागतेच की, घर बांधलंत ना, असं ऐकवतात. लागतेच. जगात वर्षाला साधारण 50 अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे, पाण्यानंतर सगळ्यात जास्त हीच. म्हणून तर कुठून काढायची आणि कुठून नाही हे ठरवावं लागतं. पाडलेल्या काँक्रीटचा चुरा आणि दगड फोडून केलेली वाळू हे पर्याय त्या प्रस्तावात तपासलेत का, विचारा.

बॉन्ड

आमची खाण सुरू आहे, म्हणून हरल्यावर काय हातात राहिलं ते लिहितो. अटी. रात्री काम बंद, ट्रक शाळेच्या वेळेत बंद, खड्ड्याचा तळ भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या वर, चारी बाजूंनी निरीक्षण विहिरी (नुसती पाण्याची पातळी बघायला) आणि त्यांचे आकडे सगळ्यांना खुले. आणि जमीन पूर्ववत करायचे पैसे आधीच बँक गॅरंटी म्हणून ठेवायचे, कारण माल संपला की कंपनीचं नाव बदलतं, मालक बदलतो आणि खड्डा तसाच राहतो. रक्कम ठरवताना आजचा खर्च धरू नका, खाण संपेल तेव्हाचा धरा, आणि दर काही वर्षांनी ती परत तपासायची अट घाला. आमच्यात हे शेवटचं राहून गेलं होतं, आता नूतनीकरणाच्या वेळी मागतोय. पुढची सुनावणी पावसाळ्यानंतर आहे, विहिरींच्या नोंदी तयार आहेत. ताई, नमुना तक्ता हवा असेल तर सांगा, पाठवतो.