अमेरिकेतून आणलेल्या रिसीव्हरवर पुण्याचं १०१ एफएम नीट लागत नाही

कोथरूडकर_७

अमेरिकेत घेतलेला ७.२ चॅनेलचा (सात स्पीकर, दोन सबवूफर) होम थिएटर रिसीव्हर आता पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लावला आहे. १२० व्होल्टचा आहे, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. पिक्चर, एचडीएमआय, स्पीकरची सेटिंग, सगळं व्यवस्थित. घोळ फक्त रेडिओचा आहे.

एफएमवर ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ छान लागतात. पण ९५.० आणि १०१.० हे आकडे डिस्प्लेवर येतच नाहीत, ९४.९ नंतर थेट ९५.१. विविध भारतीसाठी १००.९ किंवा १०१.१ लावलं तर आवाज येतो, पण ‘स’, ‘श’ आणि गाण्यातले वरचे सूर फाटतात. स्टिरिओचं चिन्हही उमटत नाही.

एएमवर ७९० नंतर ८००. पुणे केंद्र ७९२ वर आहे, पण ७९० वर नुसती घरघर.

शिवाय टीव्ही चालू केला की एफएमवर खरखर वाढते, आणि कोणी टीव्हीचं बटण दाबलं की रेडिओ बंद पडून टीव्हीचा आवाज सुरू होतो. जी स्टेशनं नीट लागतात त्यांचाही आवाज थोडा दबलेला वाटतो.

अँटेना म्हणजे खोक्यात आलेली एफएमची वायर, मागे गुंडाळून ठेवलेली. एएमचा लूप (तारेच्या वेटोळ्याचा अँटेना) रिसीव्हरच्या डोक्यावर. काय काय बदलू?

लहरीमहाराज

पहिली गोष्ट, ट्यूनर (रिसीव्हरमधला स्टेशन लावणारा भाग) बिघडलेला नाही. तो अमेरिकेसाठी बनवलाय, इतकंच. तिकडे एफएम स्टेशनं २०० किलोहर्ट्झच्या अंतराने आणि दशांशानंतर विषम आकड्यावरच असतात: ८८.१, ८८.३, असं. म्हणून ट्यूनरही त्याच उड्या मारतो. आपल्याकडे १०० किलोहर्ट्झची पायरी लागते. तुमची यादीच बघा. नीट लागणारी चारही स्टेशनं विषम आकड्यावर आहेत, अडणारी दोन्ही .० वर.

१०१.१ लावता तेव्हा तुम्ही स्टेशनच्या मध्यापासून १०० किलोहर्ट्झ बाजूला असता. एफएमचा सिग्नल आवाजाच्या जोराप्रमाणे मध्यापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत दोन्हीकडे झुलतो. बाजूला लावलं की त्या झोक्याची एक बाजू ट्यूनरच्या फिल्टरबाहेर पडते. हळू बोलणं निभावतं, जोरकस आवाज फाटतो. अँटेना कितीही चांगला लावा, हे जाणार नाही.

पायरी बदलता येते का ते मॉडेलवर आहे. काही कंपन्यांच्या ‘जनरल’ किंवा आशियाई आवृत्तीत छुप्या मेनूत ही सोय असते. उदाहरणार्थ यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत रिसीव्हर बंद करून, पुढच्या बाजूचं ‘स्ट्रेट’ बटण दाबून धरून पॉवर दाबली की अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप उघडतो आणि त्यात ‘टीयू’ नावाची ओळ असते. अमेरिकन आवृत्तीत मात्र ती ओळच नसते. मॅन्युअल उघडून ‘ट्यूनिंग स्टेप’ शोधा. आणि त्या मेनूत ‘इनिट’ला हात लावू नका, सगळी सेटिंग पुसली जाते.

पायरी बदलायची सोय नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. वेगळा जुना एफएम ट्यूनर, भारतीय किंवा युरोपियन, आणून रिसीव्हरच्या ‘सीडी’ इनपुटला लाल-पांढऱ्या आरसीए वायरने जोडा. जागा नसेल तर प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप फोनवर लावून ब्लूटूथने पाठवा. फक्त ते थेट प्रसारणाच्या मागे चालतं, त्यामुळे घड्याळ लावायचं असेल तर त्यावर विसंबू नका.

तांब्याची_तार

महाराजांशी सहमत, पण ७९२ चं कारण पायरी नव्हे. ७९० म्हणजे फक्त २ किलोहर्ट्झ बाजूला. मीडियम वेव्हवर तेवढ्याने आवाज थोडा कर्कश होईल, गायब होणार नाही. तुमच्याकडे गायब आहे, म्हणजे लूप चुकीच्या जागी आहे.

रिसीव्हरच्या आत डिजिटल बोर्ड आणि डिस्प्ले सतत कुरकुरत असतात, आणि लूप नेमका त्याच्या छातीवर. निदान एक मीटर लांब न्या, टीव्ही आणि राउटरपासूनही. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ सर्वांत बरं. मग लूप उभा ठेवून हळूहळू गोल फिरवा. लूपची कडा स्टेशनच्या दिशेला असली की आवाज जास्तीत जास्त, त्याचं सपाट तोंड स्टेशनकडे असलं की जवळजवळ शून्य. या शून्याचा उपयोगही करून घ्या: लूप असा फिरवा की त्याचं तोंड गोंगाट करणाऱ्या वस्तूकडे येईल.

तरी घरघर राहिली तर बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर ७९२ वर लावा आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडत जा. कोणता पाडल्यावर घरघर थांबते ते कळेल. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा चार्जर सापडतो.

एफएमची वायर गुंडाळून ठेवली तर तिचा उपयोग नाही. निदान पूर्ण ताणून भिंतीवर चिकटवा. त्याहून चांगलं म्हणजे घरी डायपोल करा: ७३ सेंटीमीटरच्या दोन तारा, एका रेषेत, मध्ये एखाद सेंटीमीटरची फट. केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ वायर घ्या, तिचा मधला तांब्याचा तंतू एका तारेला, बाहेरची जाळी दुसऱ्या तारेला. ही लांबी ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास बसते, म्हणजे पट्ट्याच्या मधोमध. अमेरिकन रिसीव्हरला आटे असलेला एफ-कनेक्टर असतो, केबलवाला आरजी-६ ला लावतो तोच सरळ बसतो. आधी आडवा लावा, मग उभा, आणि कशाने स्टिरिओ टिकून राहतो ते बघा. तारेच्या टोकांच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी येतो हे लक्षात ठेवा.

केबल टीव्हीची वायर मात्र थेट खोचू नका. त्यात एफएम स्टेशनं असतीलच असं नाही, गोंगाट नक्की मिळतो.

कोथरूडकर_७

लूप खिडकीत नेला, ७९० वर आता बातम्या कळतात! डायपोल उद्या करतो. टीव्हीची खरखर आणि टीव्हीवर उडी मारणं, याचं काय?

खटपट्या_काका

खरखर: आधी दोषी कोण ते ठरवा. रेडिओ चालू ठेवून टीव्हीमागची एचडीएमआय वायर उपसा. खरखर गेली तर वायर. नाही गेली तर सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढा, मग टीव्हीचा प्लग. या क्रमाने दहा मिनिटांत उत्तर मिळतं. वायर असेल तर चांगल्या शिल्डिंगची आणि गरजेपुरतीच लांब घ्या, दोन्ही टोकांना क्लिपवाला फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) लावा. अ‍ॅडॉप्टर असेल तर त्याच्या बारीक वायरचे फेराइटमधून तीन-चार वेढे. आणि अँटेनाची वायर या बाकीच्या जुडग्यातून वेगळी काढा. लोक सगळ्या वायरी एका टायने बांधून देखणा गुच्छ करतात आणि मग खरखरीची तक्रार करतात.

उडी मारणं: हे एचडीएमआय कंट्रोलचं काम आहे, म्हणजे सीईसी. टीव्ही चालू झाला की तो रिसीव्हरला ‘माझा आवाज वाजव’ असा निरोप पाठवतो. पूर्ण सीईसी बंद केलंत तर बऱ्याच सेटमध्ये एआरसीही (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे आणणारी सोय) बंद पडतो आणि टीव्हीचा आवाजच रिसीव्हरवर येत नाही. म्हणून आधी रिसीव्हरच्या एचडीएमआय सेटअपमध्ये ‘टीव्ही ऑडिओ स्विचिंग’सारखी वेगळी सेटिंग शोधा, असेल तर फक्त तीच बंद करा. नसेल तर सीईसी बंद करून टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने आणा. दोनेकशे रुपयांची वायर कटकट मिटवते.

लहरीमहाराज

दबलेल्या आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. केंद्राकडून वरच्या पट्टीचे सूर मुद्दाम उचलून पाठवतात आणि रिसीव्हर ते तितकेच खाली आणतो, म्हणजे सळसळ कमी होते. हे प्रमाण अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. तुमचा ट्यूनर ७५ च्या हिशेबाने खाली आणतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. १० किलोहर्ट्झला फरक साधारण ३ डेसिबलचा पडतो. ट्यूनर इनपुटवर ट्रेबल +२ किंवा +३ करा. टोनची सेटिंग इनपुटप्रमाणे वेगळी राहते का तेवढं बघा, नाहीतर पिक्चर पाहताना कान किटतील.

आणि आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून येत असेल तर घाबरू नका. स्टेशन मोनोमध्ये लागलं आणि डॉल्बी सराउंड चालू असलं की डावी-उजवी बाजू सारखीच असल्यामुळे तो सगळा आवाज सेंटरला ढकलतो. रेडिओला ‘स्टिरिओ’ मोड ठेवा, स्वयंपाकघरापर्यंत आवाज हवा असेल तर ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’.

ओहमपती

ट्रान्सफॉर्मरकडे कोणी पाहिलं का? मागच्या लेबलवर जितके वॉट लिहिलेत त्याच्या दीडपट ते दुप्पट व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक) घ्या, वेटोळ्यांचा, जड. हातात हलका लागणारा प्रवासी ‘कन्व्हर्टर’ असेल तर तो आजच काढा. त्यातले काही ट्रायॅकवर (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालतात, लाटेचे तुकडे करतात. रेडिओवर त्याचीच घरघर येते आणि रिसीव्हरचा पॉवर सप्लायही धोक्यात येतो.

मल्टिमीटरने आउटपुट मोजा. बरेच ट्रान्सफॉर्मर २२०:११० असतात, म्हणजे घरात २४५ व्होल्ट आले तर १२२ मिळतात. चालतं. १३० च्या वर जात असेल तर स्टॅबिलायझर आधी, ट्रान्सफॉर्मर नंतर. आपल्या ५० हर्ट्झवर ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, त्यामुळे रिसीव्हरच्या वर १५ सेंटीमीटर तरी जागा मोकळी सोडा आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका.

कोथरूडकर_७

आउटपुट ११८ आहे, ट्रान्सफॉर्मर जड आहे. ट्रेबल +२ ने फरक कळतो. मॅन्युअलमध्ये स्टेप बदलायची सोय नाही, तेव्हा १०१ साठी जुना ट्यूनर बघतो. सीडी इनपुटला लावल्यावर बेडरूमच्या झोन २ मध्ये (त्याच रिसीव्हरवर चालणारे दुसऱ्या खोलीतले स्पीकर) ऐकता येईल का?

खटपट्या_काका

येईल. बऱ्याच रिसीव्हरना झोन २ ला अ‍ॅनालॉग इनपुटच लागतो, आणि आरसीए वायरने आलेला ट्यूनर तसाच आहे. सराउंड बॅकचे (सर्वांत मागच्या स्पीकरचे) दोन चॅनेल झोन २ ला द्या, मग हॉलमध्ये ५.२ उरेल. ट्यूनर एकच असल्यामुळे दोन्ही खोल्यांत स्टेशन तेच राहणार. हॉलमध्ये १०१ आणि बेडरूममध्ये ९८.३ हवं असेल तर तिथे रिसीव्हरचा आतला ट्यूनर कामाला येतो: झोन २ ला ‘ट्यूनर’, हॉलला ‘सीडी’.