मदत हवी आहे : यंत्र बंद असताना १२.९ या ताकद-वर्गाचे बोल्ट डोक्याखाली का तुटावेत?

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचे रंगद्रव्याची पावडर चाळण्याचे लहान युनिट आहे आणि तिथली देखभाल मी पाहतो. गेल्या सोमवारी सकाळी शटर उघडले, तेव्हा व्हायब्रेटिंग चाळणीखाली जमिनीवर दोन ॲलन बोल्टांची (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) डोकी पडलेली दिसली. यंत्र शनिवारी संध्याकाळी बंद केले होते, रविवारी आवारात वॉचमनशिवाय कोणी नव्हते, आणि शनिवारी निघताना मी स्वतः पाहिले तेव्हा आठही बोल्ट जागेवर होते. चालू यंत्रात बोल्ट तुटतो हे मला समजते. ज्याच्यावर कंपन नाही, भारही बदलत नाही, असा बोल्ट सुट्टीच्या दिवशी का तुटावा, हे मात्र कळत नाही. म्हणून हा धागा.

चाळणीच्या दोन बाजूंना दोन व्हायब्रेटर मोटारी आहेत आणि प्रत्येक मोटारीला एम १६ चे चार बोल्ट आहेत. मोटारीचा पाय साधारण २२ मिलिमीटर जाड आहे आणि ज्या पट्टीवर ती बसते ती १२ मिलिमीटरची आहे. मोटार मिनिटाला १,४४० फेरे घेते, म्हणजे आठ तासांच्या एका पाळीत बोल्टांना सुमारे सात लाख हेलकावे बसतात. मुळात तिथे ८.८ चे काळे षटकोनी बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर, अशी रचना होती. ते ढिले व्हायचे. आमचा फिटर दर आठवड्याला ते आवळायचा, तरी तीन-चार महिन्यांत एखादा तुटायचाच, आणि तुटायचा तो नटाच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या आट्यात.

या त्रासाला कंटाळून मी दुकानदाराच्या सल्ल्याने १२.९ चे ॲलन बोल्ट आणले. ८.८ म्हणजे नाममात्र ८०० मेगापास्कलचा आणि १२.९ म्हणजे १,२०० मेगापास्कलचा, तेव्हा दीडपट ताकदीने प्रश्न सुटेल असा माझा सरळ हिशेब होता. काळे बोल्ट खाडीच्या दमट हवेत आणि आमच्या पावडरीत पावसाळ्याआधीच गंजतात, म्हणून ते जवळच्याच एका प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून घेतले. बसवून नऊ दिवस झाले होते.

तुटलेल्या भागांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला वाटते की उत्तर तिथेच आहे. जुन्या ८.८ च्या तुटलेल्या बोल्टांपैकी दोन मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवले होते. त्यांच्या तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून सुरू झालेली, लाकडाच्या कापावर दिसतात तशी वर्तुळे आहेत, आणि त्या वर्तुळांत आमची निळी पावडर इतकी मुरलेली आहे की रॉकेलने धुऊनही ती निघत नाही. उरलेला लहानसा भाग खडबडीत आणि स्वच्छ आहे. सोमवारी मिळालेल्या दोन डोक्यांवर असे काहीच नाही. निळा कणही नाही. डोक्याच्या बुडाशी, जिथे दांडा सुरू होतो तिथे, बोल्ट आडवा सपाट तुटलेला आहे आणि तोंड खडीसाखर फोडल्यासारखे कणीदार, चमकदार आहे. दांडा ताणून बारीक झाल्याची खूणही नाही.

बोल्ट नकली असावेत असा पहिला संशय आल्यामुळे एक तुटलेला बोल्ट महापे येथील प्रयोगशाळेत दिला. कठीणपणा रॉकवेल सी मापावर ४२ (एचआरसी) निघाला. माझे प्रश्न असे आहेत : दोष बोल्टाचा, आवळण्याचा की प्लेटिंगचा? पुढे कोणत्या वर्गाचे बोल्ट घ्यावेत आणि गंजाचे काय करावे? मोटारींवर अजून सहा बोल्ट तसेच आहेत. तूर्त चाळणी बंद ठेवली आहे.

प्रतिसाद १

बोल्ट बनावटच असणार. हल्ली डोक्यावर १२.९ कोरणे काही अवघड राहिलेले नाही. शिवाय ॲलन कीला पाइप लावून आवळले असतील, तर चांगला बोल्टही तुटेल. फिटरला विचारा.

धागाकर्ता

फिटरला विचारले. त्याने पाइप लावला होता हे खरे आहे : १४ ची ॲलन की, दोन फुटी पाइप आणि अंगाचा भार. परंतु आवळताना एकही बोल्ट तुटला नाही, तुटले ते नऊ दिवसांनी.

प्रतिसाद २

मी आयुष्यभर बोल्टांच्या गुणवत्ता तपासणीत काम केले. भांडुपला गेस्ट कीन विल्यम्सचा कारखाना होता त्या काळात या धंद्यात आलो आणि वागळे इस्टेटमधून निवृत्त झालो. धागाकर्त्याने तुटलेल्या तोंडाचे वर्णन इतके नीट केले आहे की निदान जवळजवळ त्यानेच केले आहे.

प्रथम बनावटीचा प्रश्न. १२.९ चा कठीणपणा ३९ ते ४४ एचआरसी असावा लागतो, ८.८ चा साधारण २२ ते ३४. तुमचा ४२ आहे, म्हणजे बोल्ट मऊ नाही. नकली माल बहुधा मऊ निघतो; तो ताणला जातो, आटे खातो, पण असा काचेसारखा फुटत नाही. आवळण्याचेही तसेच आहे. दोन फूट लांबीवर पन्नास किलोचा जोर म्हणजे ३०० न्यूटन मीटर. एम १६ च्या १२.९ बोल्टाला कोरड्या आट्यांवर ३५० च्या पुढेही चालते. पाइप लावणे वाईट आहे, पण या वेळी गुन्हेगार तो नाही.

हा हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा आहे. प्लेटिंगवाला बोल्ट आधी ॲसिडमध्ये बुडवून काळा थर काढतो आणि मग झिंकच्या टाकीत वीज सोडतो. दोन्ही पायऱ्यांवर हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पोलाद जितके कठीण तितके ते या बाबतीत नाजूक, आणि ३९ एचआरसीच्या वरचा बोल्ट तर धोक्याच्या हद्दीतच असतो. बोल्ट आवळला की आत शिरलेला हायड्रोजन हळूहळू सर्वाधिक ताण असलेल्या जागी गोळा होतो, म्हणजे डोक्याखालच्या वळणात किंवा आट्याच्या तळाशी. तिथे कणांच्या सीमेवरून भेग पडते. याला वेळ लागतो, कधी काही तास, कधी काही दिवस, आणि यंत्र चालू आहे की बंद याच्याशी त्याचा संबंध नसतो, कारण आवळलेल्या बोल्टातला ताण रविवारीही सुट्टी घेत नाही. तुम्ही पाहिलेली खडीसाखर म्हणजे कणांच्या सीमेवरून झालेली ही फूट.

तो हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत असे बोल्ट १९० ते २२० अंशांच्या भट्टीत घालून कित्येक तास तापवावे लागतात. तुमच्या प्लेटिंगवाल्याला एवढे एकच विचारा. मात्र त्याने तापवले असते, तरी १२.९ ला विजेने झिंक चढवण्याचा सल्ला मी कोणालाही दिला नसता.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण १२.९ आणणे हे चुकीच्या रोगावरचे औषध होते. तुमचे ८.८ चे बोल्ट ताकद कमी पडली म्हणून तुटत नव्हते. निळी पावडर मुरलेली ती वर्तुळे थकव्याची आहेत. भेग महिनोन्‌महिने पुढे सरकत होती आणि तिच्यात तुमचा माल भरत होता. बोल्ट घट्ट असेल, तर हेलकाव्यांचा मोठा वाटा दाबलेल्या पट्ट्या पेलतात आणि बोल्टाच्या वाट्याला थोडाच येतो. पकड गेली की सगळा भार बोल्टावर येतो. शिवाय आटे पाडून झाल्यावर ज्यांची उष्णताप्रक्रिया होते अशा नेहमीच्या बोल्टांत, आट्याच्या तळाशी थकवा सोसण्याची क्षमता ८.८ मध्ये आणि १२.९ मध्ये जवळजवळ सारखीच असते. हे पुष्कळ अभियंत्यांनाही पटत नाही. बोल्टाचा वर्ग वाढवून पकड वाढवली तरच फायदा होतो, नुसता वर्ग बदलून नाही.

पकड का जात होती याची तीन कारणे मला दिसतात. पहिले स्प्रिंग वॉशर. ८.८ च्या ताणापुढे तो पहिल्याच आवळणीत सपाट होतो आणि मग साध्या वॉशरपेक्षा अधिक काही करत नाही. आडव्या कंपनाने बोल्ट स्वतःहून कसा सुटतो हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, तरी आपल्याकडे स्प्रिंग वॉशरवरची श्रद्धा ढळलेली नाही. दुसरे कारण रंग. मोटारीच्या पायाखाली आणि पट्टीवर रंगाचा थर असेल तर तो खरवडून काढा, कारण तो दबत राहतो आणि बोल्टातला ताण खात राहतो. तिसरे, माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे बोल्टाची आखूड पकड-लांबी, म्हणजे डोके आणि नट यांच्यामधली जाडी. २२ अधिक १२ म्हणजे ३४ मिलिमीटर, व्यासाच्या जेमतेम दुप्पट. आखूड बोल्ट आवळताना फारच थोडा ताणला जातो, त्यामुळे पट्ट्या केसभर दबल्या तरी ताण निघून जातो. मोटारीच्या पायावर ४५ मिलिमीटर उंचीचा, जाड भिंतीचा, दोन्ही तोंडे लेथवर समांतर केलेला स्पेसर घाला. दोन कठीण वॉशर धरून पकड-लांबी ८५ मिलिमीटर होईल आणि एम १६ × ११० चा बोल्ट बसेल.

८.८ च पुरेसा आहे. एम १६ चे ताणक्षेत्र १५७ चौरस मिलिमीटर आणि प्रूफ ताण (बोल्ट कायमचा न वाढता जेवढा पेलतो तो) ५८० मेगापास्कल, म्हणजे ९१ किलोन्यूटन. त्याच्या पाऊण म्हणजे ६८ किलोन्यूटन ताण ठेवायचा. कोरड्या आट्यांवर त्यासाठी सुमारे २१८ न्यूटन मीटर लागतील, तेल लावलेल्या आट्यांवर सुमारे १६५. हा फरक लक्षात ठेवा : टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या पिळाचा, बहुतेक भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो, त्यामुळे एक बोल्ट कोरडा आणि एक तेलकट असेल तर टॉर्क रेंच खोटे बोलते. सगळ्यांना तेल लावा आणि सगळे १६५ वर आवळा. नट ८ वर्गाचाच घ्या, बिनखुणेचा नको. एक पाळी चालवून पुन्हा तपासा.

प्रतिसाद ३

गंजाचाच प्रश्न असेल तर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट का घेत नाही?

प्रतिसाद २ लिहिणारा

स्टेनलेसचा नेहमीचा ए२-७० वर्ग म्हणजे ७०० मेगापास्कल, पण कायमची वाढ सुरू होण्याची मर्यादा ४५० चीच, तर ८.८ ची ६४०. पकड तितकी मिळणार नाही. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटतात आणि मग ग्राइंडरशिवाय सुटत नाहीत. गंजासाठी झिंक फ्लेकचा मुलामा मागा, बाजारात जिओमेट किंवा डॅक्रोमेट म्हणतात तो. त्यात विजेची टाकी नसते, आणि आधीची सफाई ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टने, म्हणजे पोलादी कणांच्या माऱ्याने, केली की हायड्रोजनचा प्रश्नच उरत नाही. त्याचे घर्षण वेगळे असते, तेव्हा टॉर्कचा आकडा मुलामा देणाऱ्याकडून घ्या. तेवढे नको असेल तर काळे बोल्ट ग्रीस लावून वापरा आणि वर्षाला बदला. आठ बोल्टांचा खर्च तो किती!

प्रतिसाद ४

खरेदीबद्दल दोन शब्द. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला सगळे मिळते, पण तिथे "पाच सुती एचटी द्या" (पाच अष्टमांश इंची हाय टेन्साइल) म्हणालात तर इंची आट्यांचा बोल्टही हातात पडू शकतो. "एम १६, ११० लांबी, अर्धे आटे, ८.८, आयएस १३६४" असे चिठ्ठीवर लिहून न्या. षटकोनी बोल्टाच्या डोक्यावर वर्गाबरोबर उत्पादकाची खूणही असलीच पाहिजे, नुसते ८.८ असेल आणि खूण नसेल तर परत करा. टीव्हीएसचे म्हणजे सुंदरम फासनर्सचे बोल्ट आणि ॲलनमध्ये अनब्राको, जी आता लुधियानाच्या दीपक फासनर्सकडे आहे, ही नावे मी वर्षानुवर्षे वापरतो. सीलबंद खोकी घ्या आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक टेस्ट सर्टिफिकेटवर आहे का ते दुकानातच पाहा. सुटे बोल्ट उचलू नका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्लेटिंगवाल्याला भट्टीबद्दल विचारले, तेव्हा "साहेब, आमच्याकडे भट्टी नाही, आम्ही गरम पाण्यातून काढून भुश्यात वाळवतो," असे प्रांजळ उत्तर मिळाले. त्याला दोष देत नाही, कारण बोल्ट कोणत्या वर्गाचे आहेत हे मी चलनावर लिहिलेच नव्हते.

खात्री करण्यासाठी एक प्रयोग केला. एकाच खोक्यातले मुलामा दिलेले चार आणि न दिलेले चार बोल्ट एका जाड प्लेटवर ३०० न्यूटन मीटरने आवळले, वर पत्र्याचे झाकण ठेवले आणि दोन दिवस हात लावला नाही. दुसऱ्या रात्री वॉचमनने फोन करून सांगितले की झाकणाखाली काहीतरी फटकन वाजले. सकाळी मुलामा दिलेल्यांपैकी एकाचे डोके उडालेले होते. काळे चारही शाबूत होते.

मोटारींवरचे सहाही बोल्ट काढले. उरलेले मुलामा दिलेले बोल्ट ग्राइंडरने कापून भंगारात टाकले, कारण स्टोअरमध्ये राहिले असते तर कोणीतरी ते वापरलेच असते. स्पेसर लेथवर होत आहेत, ८.८ चे बोल्ट आणि ८ चे नट आले आहेत. एकच शंका उरली आहे : त्याच लॉटमधले चार बोल्ट मी आमच्या ब्लोअरच्या पायालाही लावले होते. त्यांना दोन महिने झाले आणि ते ठीक दिसतात. ते काढून भट्टीत तापवले तर चालतील का?

प्रतिसाद २ लिहिणारा

चालणार नाहीत. भट्टी हायड्रोजन काढते, पण भेग पडली असेल तर ती बुजवत नाही. चारही काढा आणि कापा.