शब्दचर्चा : आगबोट

रंकाळाकाठ : चौथीतल्या लेकीनं वाचता वाचता विचारलं, "बाबा, आगबोट म्हणजे पेटलेली बोट का?" वाफेवर चालणारी, असं सांगितलं, तर म्हणाली, "मग वाफबोट का नाही?" जाणकारांनी सांगावं.

दर्यावर्दी : लेकीला शाबासकी द्या, प्रश्न नेमका आहे. माझ्या मते लोकांनी जे डोळ्यांना दिसलं त्यावरून नाव पाडलं. काठावरून दिसतो तो भट्टीचा धूर. वाफ लोखंडाच्या पोटात. आगगाडीचंही तेच. कोळशाचं इंजिन जाऊन जमाना झाला, तरी मिरजेला निघालेली माझी आजी आगगाडीच म्हणते.

पण खरी गंमत पुढं आहे. 'आगबोट' हा शब्द शिडाच्या गलबताहून वेगळेपण दाखवायला आला, आणि आरमारांना मात्र शीड सोडवत नव्हतं. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' १८३० साली वाफेवर सुएझला गेली, पण वाटेत कोळशासाठी एडनला थांबावं लागलं. कोळसा संपला की इंजिन म्हणजे नुसतं ओझं. म्हणून १८६० साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिशांच्या 'वॉरियर' या युद्धनौकेला लोखंडी अंग, इंजिन आणि वर पूर्ण शिडंही! शिडावर जाताना इंजिनानं फिरणारा, जहाज पुढं ढकलणारा पाण्यातला पंखा अडसर होई, तर खलाशी तो दोरखंडांनी वर ओढून घेत. याला भित्रेपणा म्हणू नये. भर समुद्रात बंद पडलेल्या जहाजाला ढकलायला कोण येणार? त्यांचीच बिनशिडाची युद्धनौका 'डेव्हॅस्टेशन' पाण्यात उतरली ती १८७१ मध्ये.

आपल्याकडं हा विचार आधीच झालेला आहे. ज्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात, बजावलंय की वाऱ्याविना कामाची नाहीत अशी फार थोर जहाजं करूच नयेत, गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, मध्यम असाव्यात. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून नेत. वाऱ्याची अडचण त्यांनीही ओळखली होती, उपाय मात्र हातापायांचा.

रंकाळाकाठ : पटलं, लेकीलाही. ती आता शिडं आणि धुराडं दोन्ही असलेलं चित्र काढतेय. आज्ञापत्रात जहाजाला 'तरांडे' म्हटलंय ना? गगनबावड्याच्या खाली, कोकणात, हा शब्द अजून कुणाच्या तोंडी आहे का?