विषय: मोरोक्को – पहिल्यांदाच, आईला घेऊन

नमस्कार मंडळी,
ईस्टरच्या सुट्टीत आम्ही मोरोक्कोला जायचं म्हणतोय. पुण्याहून आई आलीय, तीही सोबत आहे. ती शुद्ध शाकाहारी, शिवाय गुडघ्यांचा त्रास. मराकेश, फेस आणि मर्झूगाचं वाळवंट आठवड्यात बसेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.
– लीड्सहून

ताई, नमस्कार.
वाळवंट या खेपेला सोडाच. मराकेशहून मर्झूगा नऊ-दहा तास, वाटेत २,२६० मीटर उंचीचा तिझी-न-तिश्का घाट, आणि परतायचंही तेवढंच. आईंना झेपणार नाही. फेस-मराकेश रेल्वेनं करा. सहा-सात तास लागतात, पण पहिल्या वर्गात सीट राखीव असते.

जास्त दिवस फेसला द्या, अगदी मनापासून सांगतो. जुन्या शहरात मोटारी शिरत नाहीत. मागून 'बालाक! बालाक!' ऐकू आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कातड्यांनी लादलेलं खेचर अंगाला घासून जातं. करवियीन मशीद ८५९ सालची. आत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातूनच अंगण बघायचं. बू इनानिया मदरशात मात्र जाता येतं. चौदाव्या शतकातलं देवदारावरचं कोरीवकाम आहे, तिथे आईंना निवांत बसू द्या. रियाद, म्हणजे अंगणाच्या जुन्या घरातलं अतिथिगृह, बाब बू जलूद या वेशीजवळ घ्या आणि तळमजल्याची खोली आधीच पक्की करा. जिने फार उभे असतात.

जेवणाचं नीट बघा. भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सेदार पदार्थ) मागवलं तरी रस्सा मटणाचा असू शकतो, हरिरा सूपमध्येही बहुधा मांस असतं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, रस्साही नको म्हणून सांगा. सकाळी बिसारा मिळतं: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. झालूक तर टोमॅटो घातलेलं वांग्याचं भरीतच. मधाबरोबर मसेमन, म्हणजे पदर सुटलेली चौकोनी पोळी, आईंना नक्की आवडेल.
– ब्रिस्टलहून

काका म्हणतात ते पटलं. दोन गोष्टी राहिल्या. ताई, तुमचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर व्हिसा लागत नाही, पण आईंचा भारतीय असेल तर लागतो. तो आधी हातात येऊ दे, मग तिकिटं काढा. आणि फेसमध्ये शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात. खरेदी गुरुवारीच उरका. दिरहम तिथेच एटीएममधून काढा, सुटे जवळ ठेवा.
– लंडनहून