फी की नाव: आखेनचं पत्र आधी नीट वाचा

तुम्ही विचारलंय, मुलीला अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठात एमएस मिळतंय, पण सत्तर लाखांचं कर्ज काढावं लागेल. दुसरीकडे जर्मनीत आखेनलाही प्रवेश आहे. माझा कौल आखेनला. फक्त ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून निर्धास्त राहू नका. आखेनच्या सरकारी विद्यापीठात सहामाहीला काहीशे युरोंची वर्गणी भरली की झालं, पण त्यांच्याच इंटरनॅशनल अकॅडमीचे मास्टर्स सशुल्क आहेत. तेव्हा प्रवेशाचं पत्र यातलं कुठलं आहे, ते आधी बघा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सहामाही ४००० ते ६००० युरो लावलेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात अशा विद्यार्थ्यांना २०१७ पासूनच सहामाही १५०० युरो आहेत. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात. पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ प्रमाणे हातात येतात, पण सुरुवातीला ते उभे तर करायला हवेत!

अमेरिकेत नावाला किंमत आहे, नाही असं नाही. पहिली मुलाखत मिळते. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी विद्यापीठाचं नाव बघत नाही. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने आणि स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) आणखी चोवीस, एवढ्यात व्हिसा लागला नाही तर सत्तर लाखांचा हप्ता रुपयांतल्या पगारातून फेडायचा. तो आकडा आधी कागदावर मांडा.

आणि हो, जर्मन! कोर्स इंग्रजीत असला तरी बहुतेक नोकऱ्यांना बी१-बी२ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन लागतं. माझ्या भाच्याने ते शेवटच्या सहामाहीवर ढकललं आणि नोकरी शोधताना आठ महिने घालवले. मुलीचा क्लास आजच लावा.