दहावीची उत्क्रांती: जिराफ शिकवायचा की बोंडअळी?

कापूसकोंड्या (परभणी):
दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. लामार्कचा जिराफ, डार्विन, जीवाश्म, मग जोडणारे दुवे, म्हणजे दोन गटांची लक्षणं एकाच अंगी असलेले प्राणी: पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश. लेकरं न अडखळता सगळं म्हणून दाखवतात. आणि घरी बापाजवळ बसली की कापसावरच्या अळीबद्दल म्हणतात, "अळीला औषधाची सवय झाली."

अहो, हाच तर लामार्कचा चुकीचा ठरलेला सिद्धांत! जिराफानं मान ताणली म्हणून मान लांब झाली, अळीनं औषध पचवलं म्हणून अळी तगडी झाली. पेपर झाला, मार्क पडले, पोरगं होतं तिथंच.

म्हणून मी हा धडा गुलाबी बोंडअळीपासून सुरू करतो. २००२ ला बीटी कापूस आला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा; त्यात त्यासाठीचं एक जनुक. २००६ ला दोन जनुकांचं बीटी आलं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी सापडलेली होती, आणि २०१७ च्या हंगामात आपल्याकडं दोन जनुकांच्या बीटीलाही न जुमानता तिनं कापूस कसा खाल्ला ते सांगायला नको. यात एकाही अळीला सवय लागली नाही. लाखो अळ्यांत मूठभर आधीपासूनच वेगळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, पुढची पिलावळ ह्यांचीच. नैसर्गिक निवड आणखी कशाला म्हणायचं? तीही पंधरा वर्षांत, आपल्याच शिवारात. प्लॅटिपस बघायला ऑस्ट्रेलिया गाठावं लागतं.

लातूर_बायो:
सर, ऐकायला झकास आहे. पण भाग २ चा पेपर ४० मार्कांचा आणि धडे दहा. 'जोडणारे दुवे, टीप लिहा' ला पोरगं बोंडअळी लिहून आलं तर मार्क तुम्ही देणार का? पुढं नीटला ७२० पैकी ३६० मार्क बायोचे. अहमदपूर, उदगीर, देगलूरहून लोक लेकराला लातुरात खोली करून ठेवतात, ते शिवाराच्या गोष्टी ऐकायला नाही. आधी व्याख्या, आकृती, नावं. वेळ उरला तर अळी. (उरत नाही, ते सोडा.)

नांदेड_वॉर्ड७:
लातूरकर सर, नीटचंच काढलंत तर बारावीचं एनसीईआरटी उघडा. इंग्लंडातल्या पतंगाचं उदाहरण झालं की लगेच तणनाशक, कीटकनाशक आणि अँटिबायोटिकला न जुमानणारे जीव येतात. म्हणजे कापूसकोंड्या सर जे सांगायलेत ते सिलॅबसमध्येच आहे, फक्त दोन वर्षं उशिरा आणि इंग्रजीत. मेडिकलला न जाणाऱ्यांचं काय? दहावीनंतर आर्ट्सला गेलेल्या पोराच्या आयुष्यात उत्क्रांतीचा हा शेवटचा तास. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तर हा भाग २०२३ मध्ये काढूनच टाकला. आपल्या बोर्डात आहे, तर नीट शिकवा की.

धाराशिवकर:
आमच्याकडं सगळं सोयाबीन. वर्गातल्या निम्म्या लेकरांनी बोंड हातात धरलेलं नाही. आमच्यासाठी बोंडअळी बी प्लॅटिपसच.

नांदेड_वॉर्ड७:
मग टीबी घ्या. गोळ्या मधेच सोडल्या की कोणते जंतू उरतात, हे विचारा. टीबीचा पेशंट बघितलेला नाही असं गाव सापडणार नाही.

एकटा_विज्ञानवाला (हिंगोली):
माझी पदवी गणिताची, आणि शाळेत विज्ञानाला मी एकटाच. जिराफ मी शिकवू शकतो, कारण पुस्तकात आहे तेवढंच पोरं विचारतात. अळी काढली की वर्गातली अर्धी पोरं माझ्यापेक्षा हुशार. "सर, दोन जनुकं टाकली होती तरी अळी का मेली नाही?" याला काय सांगू? सगळ्या शाळांत बीएस्सी बॉटनी झालेला माणूस बसलाय असं धरून चर्चा चाललीय.

दगडी_ज्वारी (जालना):
माझा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मार्कांचा नाही. अळीची शेवटी अळीच राहिली. औषधाला दाद न देणारी अळी ही नवी जात नव्हे. एवढंच शिकवलं तर पोरं म्हणतील, उत्क्रांती म्हणजे अळी कडक होणं. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांच्या आतली हाडं एकाच ठेवणीची का, हा प्रश्न अळी सोडवत नाही. तो सोडवायला जीवाश्म लागतात, कोट्यवधी वर्षांचा काळ लागतो, तुमचा तो टाकाऊ प्लॅटिपसही लागतो. डोळ्यांसमोर घडतं तेवढंच खरं, ही सवय विज्ञानाच्या शिक्षकानं लावू नये. उद्या पोरगं विचारेल, "डायनासोर कुणी पाहिला?" मग?

कापूसकोंड्या:
ज्वारी साहेब, हा आक्षेप मला मान्य नाही, पण असले आक्षेप आले पाहिजेत. यंत्रणा कळल्याशिवाय पुरावे मांडले तर ती नुसती यादी होते. बैलाचा पाय आणि वटवाघळाचा पंख सारखे, बरं, मग? 'उरले कोण आणि का उरले' हे एकदा अळीवर कळलं की तेच कोट्यवधी वर्षांवर ताणून दाखवता येतं. उलटं जमत नाही. मी तरी जमलेलं पाहिलं नाही.

हिंगोलीकर सर, तुमच्या पोराचा प्रश्न भारी आहे, आणि उत्तर गणिताचंच आहे. आपल्याकडचं बीटी संकरित. बहुतेक वाणांत बीटीची जनुकं दोनपैकी एकाच पालकाकडून येतात. म्हणजे झाडाच्या प्रत्येक पानात विष आहे, पण बोंडातल्या सरक्या, म्हणजे बिया, ही पुढची पिढी. तिथं मेंडेलचं ९:३:३:१ लागू होतं. सोळा सरक्यांमागं नऊत दोन्ही विषं, सहांत एकेकच, आणि एकीत काहीच नाही. आता एक बोंड फोडा. कप्पे चार-पाच, एकेका कप्प्यात सहा-सात-आठ सरक्या. तिशीच्या आसपास सरक्या निघाल्या तर साधारण दोन बिनविषारी. आणि गुलाबी अळीचं खाणं म्हणजे नेमकी सरकी! कमी विष खाऊन तगणाऱ्या अळीला ह्याहून बरी जागा कोणती? वाटाण्याचा तक्ता फळ्यावर काढण्यापेक्षा बोंड मांडा, गणितवाल्याचा तर तो हक्काचा तास आहे.

गोदाकाठची (गेवराई):
सर, तुमच्या फळ्यावरची अळी आमच्या घरी उधारी होऊन आली होती. तुम्ही वर्गात 'बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या' म्हणता तेव्हा तिसऱ्या बाकावर ज्याच्या बापाचं रान गेलं त्याचं लेकरू बसलेलं असतं. आणि पुढचं वाक्य ठरलेलं आहे, मी कृषी मेळाव्यात ऐकलंय: "शेतकऱ्यांनी बिगर-बीटीची पुडी लावली नाही, बांधावर फेकली, म्हणून अळी वाढली." हे लेकरासमोर म्हणणार का?

कापूसकोंड्या:
ताई, पुडी सांगणार. न सांगता मेंडेल अर्धाच राहतो. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी कशाला होती? त्या ओळींत साध्या, विषानं मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग उरलेल्या तगड्या पतंगांशी जुळावेत, म्हणून. तगडेपणाचा गुण अप्रभावी असला तर अशा जोडीची पिल्लं बीटीवर मरतात. पोरांना हे प्रभावी-अप्रभावी नववीतच येतं, पण कशाला येतं ते कुणी सांगत नाही.

गोदाकाठची:
ते मला कळलं. आता माझं ऐका. दोन एकरवाल्यानं अळीला खाऊ घालायला ओळी कामून लावाव्या? त्याच्या ओळींचा फायदा शेजाऱ्याला बी, आणि शेजाऱ्यानं नाही लावल्या तर ह्याच्या वाया. पुडी कशाची ते दुकानदारानं सांगितलं नाही, पाकिटावरच्या बारीक अक्षरात होतं म्हणे. पुढं कंपन्यांनी तेच बी पाकिटातच मिसळून दिलं, म्हणजे आधीपण तसं देता आलं असतं. हे शिकवणार असाल तर पुडी शिकवा. नसता लेकरू घरी येऊन बापाला अडाणी म्हणणार.

दगडी_ज्वारी:
ताईंनी मांडलं ते जीवशास्त्राच्या तासात बसत नाही, पण त्याशिवाय ही गोष्ट खोटी पडते. मला म्हणूनच जिराफ बरा वाटतो. जिराफाचं कुणाला देणं लागत नाही.

लातूर_बायो:
आणि एक साधी अडचण. धडा पहिला, म्हणजे जून. त्या वेळी रानात कापूस वीतभर. बोंड कुठून आणणार?

कापूसकोंड्या:
धडे पुढं-मागं घ्यायला कुणी अडवलेलं नाही. 'प्राण्यांचे वर्गीकरण' आधी उरका आणि हा ऑगस्टात घ्या. बोंड नसलं तरी डोमकळ्या मिळतात. फूल उमलायचं सोडून पाकळ्या मुरडून मिटलेल्याच असतात, आतून धाग्यानं चिकटवलेल्या. हळूच सोडवली की परागांत बारीक पांढुरकी अळी बसलेली असते, गुलाबी व्हायची असते अजून. आणि सर, टिपेला प्लॅटिपसच लिहायचा, पुस्तक सोडा म्हणालोच नाही. पहिले दोन तास अळीचे, बाकी पुस्तक.

लातूर_बायो:
दोन तासांत आमच्याकडं अख्खा धडा होतो.

एकटा_विज्ञानवाला:
९:३:३:१ चं बोंड मला पटलं. शाळेच्या मागंच कापूस आहे, मालकाला विचारतो. पोळ्याच्या आधी डोमकळ्या सापडतील का?

गोदाकाठची:
सापडतील. पण फवारणी कधी झाली ते आधी विचारा, आणि औषध मारल्यावर दोन-चार दिवस लेकरं रानात घालू नका. डोमकळ्या तोडून आणल्या तर वर्गात उघडा, नंतर जाळून टाका, कचऱ्यात नका टाकू.